आधी मोजा, मग मागवा: ऑफ-रोड गाडीच्या इंजिनाचे पार्ट्स आणि अपग्रेड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सुझुकीची जुनी छोटी फोर बाय फोर, त्यात १.३ लिटरचं सोळा व्हॉल्व्हचं जी१३बीबी पेट्रोल इंजिन. गाडी जास्त करून कच्च्या वाटांवर आणि चढांवर चालते. टायर २६ इंचांवरून २९ इंचांचे केले आहेत. आता ती चढाला दम टाकते, सावकाश चढताना तापते, ऑईल खाते आणि सकाळी चालू करताना निळा धूर मारते. इंजिन खोलून बोअर करावं (सिलिंडर किंचित मोठ्या मापाला कापून घ्यावेत), वापरलेलं १.६ लिटरचं बसवावं, की हेडर (एक्झॉस्टच्या सुट्या नळ्यांचा संच), मोठा फिल्टर आणि वेगळा कॅमशाफ्ट टाकून पिकअप वाढवावा? आणि पार्ट्स कोणते, कसे निवडावेत?

माझं मत आधीच सांगतो. या गाडीला जास्त ताकदीचं इंजिन लागत नाहीये. तिला मोजून नीट बांधलेलं मूळ इंजिन, धूळ आत न घेणारा हवेचा मार्ग, कमी वेगातही काम करणारं कूलिंग आणि तिरक्या चढावर न पडणारा ऑईलचा दाब लागतो आहे. चढाला दम कमी पडण्याचं कारण बरंचसं गिअरिंगमध्ये आहे. तिथूनच सुरुवात करतो, कारण हे पटलं नाही तर पुढचे सगळे पैसे चुकीच्या ठिकाणी जातील.

२६ वरून २९ म्हणजे टायरचा व्यास सुमारे साडेअकरा टक्के वाढला. चाकाच्या कडेला मिळणारी ओढ तितक्याच प्रमाणात, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास घटली. या इंजिनाचा टॉर्क १०३ न्यूटन-मीटर धरला, तर चाकाला तो ९२-९३ चं इंजिन असल्यासारखा पोहोचतो. शिवाय १०३ चा आकडा मिळतो तो ४५०० आरपीएमला. दगडांतून चढताना तुम्ही तिथे नसताच. तुम्ही पंधराशेच्या आसपास असता, क्लच अर्धा दाबून गाडी पुढे काढत असता. त्या आरपीएमला पंखा हळू फिरतो, पाण्याचा पंपही हळू फिरतो, आणि इंजिनावर भार मात्र पूर्ण असतो. दम आणि ताप या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण त्यांची मुळं बऱ्याच अंशी एकच आहेत.

यावरचा उपाय ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सनंतरच्या हाय-लो रेंजच्या गिअरपेटीत आहे. सॅम्युराई, म्हणजे सुझुकीच्या या छोट्या फोर बाय फोरच्या घराण्यातल्या गाड्यांचं मूळ लो गुणोत्तर २.२६८ आहे. त्याऐवजी ४.१६ चे गिअर संच मिळतात. म्हणजे लो रेंजमध्ये चाकावरची ओढ ८० टक्क्यांहून जास्त वाढते, आणि त्याच वेगाला इंजिन वरच्या आरपीएमला राहत असल्यामुळे पंखा आणि पंपही नीट चालतात. काही संचांत हाय रेंजही थोडी खाली येते, त्यामुळे मोठ्या टायरची भरपाई रस्त्यावरही होते. कुठलाही हेडर किंवा कॅम याच्या जवळपास जात नाही. संच मागवण्याआधी केसवरचं कास्टिंग आणि शाफ्टच्या स्प्लाइनची (त्यावरच्या उभ्या दातांची) संख्या विक्रेत्याकडून ताडून घ्या. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक केस बदललेले असतात.

आता इंजिनाकडे. "ऑईल खाते" आणि "धूर मारते" एवढ्यावर इंजिन खोलू नका. धूर कधी येतो ते पाहा. रात्रभर उभी राहून सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळा लोट येतो आणि मग थांबतो, किंवा लांब उतारावर गिअरवर सोडून पुन्हा रेस दिल्यावर येतो, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर आणि गाइडवर. भाराखाली सतत येतो, तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत). तुम्ही सकाळचा धूर सांगितला आहे. सील गेले असण्याची शक्यता खरी आहे, आणि ते हेड न उतरवताही बदलता येतात: सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून दाबाची हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवायचे आणि स्प्रिंग काढायची. पूर्ण इंजिनकामाच्या तुलनेत हे काम फार लहान आहे.

नक्की काय ते कॉम्प्रेशन चाचणी सांगते, पण ती नीट घेतली तरच. इंजिन गरम हवं, चारही प्लग काढलेले हवेत, इंधन आणि इग्निशन बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला आकडा निरुपयोगी असतो आणि गॅरेजमध्ये ही चूक सर्रास होते. चारही सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. त्यांच्यातला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत आणि सगळे मॅन्युअलच्या किमान मर्यादेवर असतील, तर खालचं इंजिन शाबूत आहे. एखादा आकडा खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

शक्य असेल तर लीक-डाउन चाचणीही घ्या. त्यात सिलिंडरला ठरावीक दाबाची हवा देऊन किती टक्के गळते ते पाहतात. दहा टक्क्यांच्या आत उत्तम, वीसच्या वर गेलं की काम आलं. हवा कुठून निघते ते कान लावून ऐकायचं: इनटेकमधून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑईल भरायच्या तोंडातून तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. तुमची गाडी तापतेही, म्हणून ही शेवटची तपासणी चुकवू नका.

समजा रिंगाच गेल्या आहेत आणि इंजिन खोलायचं ठरलं. इथे एक पेच असतो. पार्ट्स मागवायचे तर मापं हवीत, आणि मापं घ्यायची तर इंजिन खोलायला हवं. तो असा सोडवायचा: खोलण्याआधी उपलब्धता तपासायची, खोलल्यावर मोजायचं, आणि पैसे मोजमापानंतरच द्यायचे. म्हणजे ०.२५ आणि ०.५० मिमी ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन आणि रिंगा, ०.२५ अंडरसाइज (घासून बारीक केलेल्या क्रँकसाठीचं) बेअरिंग, पूर्ण गॅस्केट संच, ऑईल पंप हे सगळं आज मिळतं का, किती दिवसांत येतं, हे आधी विचारून ठेवा. पिस्टन एकाच मापाचे मिळत असतील तर बोअरचा निर्णयही त्यावर अवलंबून राहतो. हे न विचारता खोललेली इंजिनं महिनोन्‌महिने पोत्यावर पडून राहतात आणि तोवर बोअरला गंज चढतो.

मोजताना बोअर तीन उंचींवर आणि दोन दिशांनी मोजा. झीज सर्वांत जास्त वरच्या रिंगेच्या पट्ट्यात आणि पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो त्या बाजूला असते. वरचा भाग खूप झिजलेला आणि खालचा जवळजवळ नवा, शिवाय वरच्या रिंगेची कड पातळ झालेली, असं दिसलं तर इंजिनानं धूळ खाल्ली आहे. मग हवेचा मार्ग दुरुस्त केल्याशिवाय नवीन पिस्टन टाकणं व्यर्थ आहे, ते तितक्याच वेगानं झिजतील. हा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आहे, त्यात बिडाचे लायनर ओतकामातच बसवलेले. सहज ठोकून काढून नवे घालता येतील अशा ओल्या लायनरचं हे इंजिन नाही, म्हणून बोअरला मिळणाऱ्या दोन संधी जपून वापरा. झीज मर्यादेत असेल तर होनिंग (बोअरला बारीक खरखरीत रेघा काढणं) करून त्याच मापाच्या नव्या रिंगा घालणं हे काटकसरीचं नाही, शहाणपणाचं काम आहे.

हेड आणि ब्लॉकची पातळी सरळ पट्टी आणि फीलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) आडवी, उभी आणि कर्णरेषेत पाहा. अशा अ‍ॅल्युमिनियम हेडला मर्यादा साधारण ०.०५ मिमीची असते. एकदा तापलेलं हेड फेसिंगला (पृष्ठभाग घासून सपाट करायला) देण्याआधी प्रेशर टेस्ट करून घ्या. तडा असलेल्या हेडवर फेसिंग आणि सीट कटिंगचा खर्च करण्यात अर्थ नाही.

बोअरिंग करणाऱ्याकडे ब्लॉक पाठवाल तेव्हा पिस्टन सोबत गेलेच पाहिजेत. "०.५० चं बोअर करून ठेवा, पिस्टन येतायत" हे वाक्य कधीही बोलू नका. पिस्टन आणि बोअरमधलं अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत असतं, या घराण्यातल्या इंजिनांत साधारण ०.०२ ते ०.०४ मिमी. वेगवेगळ्या उत्पादकांचे "०.५०" एकमेकांशी इतके तंतोतंत जुळत नाहीत. प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या सिलिंडरवर नंबर घालायचा आणि तेवढंच बोअर घ्यायचं. होनिंगच्या रेघा एकमेकींना छेदणाऱ्या, स्पष्ट दिसणाऱ्या हव्यात. आरशासारखं गुळगुळीत बोअर दिसायला सुंदर असतं, पण त्यावर ऑईल टिकत नाही आणि रिंगा बसत नाहीत. काम झाल्यावर ब्लॉक रॉकेलनं नव्हे, गरम पाणी, साबण आणि ब्रशनं धुवा. होनिंगची खर रेघांमध्ये अडकते, ती पेट्रोल-रॉकेलनं निघत नाही. पांढरं फडकं बोअरमधून पांढरंच बाहेर येईपर्यंत धुवायचं आणि लगेच ऑईल लावायचं.

रिंगेची फट बोअरमध्ये रिंग सरळ बसवून फीलर गेजनं बघा. ७४ मिमीच्या या बोअरला वरची रिंग ०.२० ते ०.३५ च्या घरात येते. शेवटचा शब्द मॅन्युअलचा. रिंगेवर अक्षर असेल ती बाजू वर. बेअरिंगचं अंतर प्लास्टिगेजनं मोजा. ही बारीक मेणासारखी तार दाबली जाते आणि तिच्या रुंदीवरून अंतर कळतं. नवं बेअरिंग आहे म्हणजे अंतर बरोबर असेलच, हे गृहीत धरू नका.

आता पार्ट्सचा मुख्य विषय. दुकानदाराला गाडीचं नाव आणि वर्ष सांगून पार्ट मागणं बंद करा. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर घेऊन कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमधून प्रत्येक वस्तूचा नंबर काढा आणि यादी नंबरांची करा. जुना नंबर रद्द होऊन नवा आलेला असतो. "हा पार्ट बंद झाला" असं ऐकलं की आधी नवा नंबर निघाला आहे का ते पाहा, निम्म्या वेळा पार्ट तिथेच सापडतो. नंबरांमध्ये तर्क असतो. टोयोटाच्या नंबरातले पहिले पाच आकडे साधारणपणे पार्टचा प्रकार सांगतात, ९०९१५ नं ऑईल फिल्टर सुरू होतात. सुझुकीतही पहिला गट पार्टच्या प्रकाराचा असतो. हे एकदा लक्षात आलं की चुकीचा पार्ट डबा न उघडताच कळतो.

तुमच्या इंजिनाचं भाग्य असं की हे घराणं मोठं आहे. जी मालिकेतली इंजिनं सुझुकीच्या छोट्या कारमध्येही बसली आणि १.६ लिटरची दुसऱ्या नावानं विकलेल्या गाड्यांतही. त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, सील यांचे नंबर कारच्या कॅटलॉगशी ताडून पाहा; ऑफ-रोड गाडीसाठी "मिळत नाही" असलेली वस्तू कारसाठी सहज मिळते. पण कारमध्ये इंजिन आडवं असतं आणि तुमच्याकडे उभं. सम्प (इंजिनाखालची ऑईलची टाकी), ऑईल पिकअप (त्यातून ऑईल ओढणारी नळी), मॅनिफोल्ड, पाण्याचे पाइप, माउंट हे वेगळे असतात. आतलं बहुतेक जुळतं, बाहेरचं बहुतेक जुळत नाही, असं धरून चाला आणि नंबरानं खात्री करा.

गाडी बनवणारी कंपनी पिस्टन रिंगा स्वतः बनवत नाही. जपानी इंजिनांत रिंगा एनपीआर, रिकेन यांच्या असतात, बेअरिंग टायहो किंवा डायडोचे, पाण्याचे पंप बहुधा आयसिनचे, बेल्ट मित्सुबोशी, बांडो किंवा गेट्सचे, प्लग एनजीके किंवा डेन्सोचे. युरोपीय इंजिनांत माहले, गोएत्झे, व्हिक्टर राइन्झ, एलरिंग ही नावं दिसतात. जुना पार्ट काढल्यावर त्यावर कुणाचा ठसा आहे ते पाहा आणि त्याच उत्पादकाचा पार्ट त्याच्या स्वतःच्या डब्यात घ्या. दर्जा तोच, पैसे कमी. माझा स्वतःचा नियम असा: हेड गॅस्केट, ऑईल पंप, थर्मोस्टॅट आणि सगळे सेन्सर गाडीच्या कंपनीचे किंवा मूळ पुरवठादाराचेच. रिंगा, बेअरिंग, पाण्याचा पंप, बेल्ट, प्लग मूळ पुरवठादाराचे. पाइप, पुली, ब्रॅकेट चांगल्या नावाचे कोणतेही. क्रँक आणि कॅम पोझिशन सेन्सर स्वस्तातले घेऊ नका; ते थंड असताना चालतात आणि तापले की गाडी जिथे बंद पडायला नको तिथेच बंद पाडतात.

वापरलेला माल घ्यायला माझी हरकत नाही. क्रँक, कनेक्टिंग रॉड, हेडचं कास्टिंग, मॅनिफोल्ड, ब्रॅकेट या धातूच्या वस्तू मोजून आणि तडे तपासून बिनधास्त घ्या. बेल्ट, टेन्शनर, पाण्याचा पंप, सील, गॅस्केट आणि ताणून बसवायचे हेड बोल्ट मात्र वापरलेले कधीच नाही. मॅन्युअलमध्ये टॉर्कनंतर अंशात फिरवायला सांगितलं असेल, तर ते बोल्ट बहुधा एकदाच वापरायचे असतात. "न वापरलेला जुना स्टॉक" याबद्दलही सावध राहा. वीस वर्षं डब्यात पडलेला क्रँक सोन्यासारखा. वीस वर्षं डब्यात पडलेला ऑईल सील किंवा टायमिंग बेल्ट कचरा, कारण रबर वापराविनाही म्हातारं होतं. रबराच्या वस्तूवर उत्पादनाची तारीख शोधा. व्हॉल्व्हचे सील फ्लुओरोइलास्टोमरचे, ज्यांना बाजारात व्हायटॉन म्हणतात, मिळत असतील तर साध्या नायट्राइलपेक्षा तेच घ्या, उष्णतेत ते कडक होत नाहीत.

बनावट माल सर्वांत जास्त प्लग, फिल्टर, बेल्ट आणि बेअरिंगमध्ये असतो, म्हणजे जे रोज खपतं त्यात. छपाईच्या कडा, नंबरचा फॉन्ट, धाग्याची सफाई, वजन हे जुन्या अस्सल नगाशी लावून पाहा. अस्सल असेल तर ठसा कोरलेला किंवा नीट छापलेला असतो, नखानं खरवडून निघत नाही. ऑईल फिल्टरमध्ये आतली एक झडप असते, जी इंजिन बंद झाल्यावर ऑईल परत गळू देत नाही. बनावट फिल्टरमध्ये ती कडक प्लास्टिकची किंवा नसतेच, आणि मग रोज सकाळी इंजिन काही क्षण कोरडं फिरतं. भाव फारच कमी असेल तर वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

१.६ लिटरच्या इंजिनाचं काय? जी१६बी हे १५९० सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, ७५ मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोक. तुमचं ७४ आणि ७५.५. म्हणजे वाढ जवळजवळ सगळी स्ट्रोकमध्ये आहे, आणि टॉर्क १३० न्यूटन-मीटरच्या आसपास, तोही खालच्या आरपीएमला जास्त वापरता येणारा. ऑफ-रोडसाठी हा बदल खरोखर चांगला आहे. पण एका अटीवर: इंजिन वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सगळे सेन्सर आणि अ‍ॅक्सेसरींसह एकाच गाडीतून पूर्ण मिळालं पाहिजे. तुकड्यातुकड्यांनी जमवलेलं इंजिन बदलणं हे न संपणारं काम होतं. सम्प पुढच्या अ‍ॅक्सलला वर येताना लागतो का, हे सस्पेन्शन पूर्ण दाबून पाहा. इंजिन नंबर गाडीच्या कागदांवर नोंदवायचा नियम तुमच्याकडे कसा आहे ते आधी बघा, कारण नोंद नसलेलं इंजिन विमा आणि विक्रीच्या वेळी अडवतं.

वापरलेलं इंजिन निवडताना किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. ऑईलचं झाकण उघडून आत काळा गाळ किंवा पिवळसर साय आहे का पाहा. क्रँक हातानं पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. क्रँक पुढे-मागे ढकलून त्याची हालचाल डायल गेजनं मोजा. बोरोस्कोप असेल तर बोअरच्या भिंती पाहा. आणि एक गोष्ट मी कधीही चुकवत नाही: प्लगच्या भोकातून प्रत्येक पिस्टन सर्वांत वर असताना त्याची उंची मोजा. एखादा पिस्टन इतरांपेक्षा किंचित खाली थांबत असेल तर त्याचा रॉड वाकलेला आहे, म्हणजे त्या इंजिनात कधीतरी पाणी शिरलं आहे. असं इंजिन चालतं, आवाजही करत नाही, आणि काही महिन्यांनी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

अपग्रेडमध्ये पहिला पैसा हवेच्या मार्गावर लावा. सर्वांत घातक धूळ पाच ते वीस मायक्रोमीटरची, डोळ्यांना न दिसणारी, कारण ती ऑईलच्या थराइतक्याच जाडीची असते. चांगला कागदी फिल्टर आयएसओ ५०११ चाचणीत ९९ टक्क्यांहून जास्त धूळ अडवतो. ऑईल लावलेले कापडी "परफॉर्मन्स" फिल्टर हवा सहज सोडतात ते धूळही सहज सोडतात म्हणून, आणि त्यांचं ऑईल उडून हवेच्या प्रवाहाच्या सेन्सरवर बसतं. ऑफ-रोड गाडीत मी ते बसवत नाही. मूळ कागदी फिल्टर, नीट बंद होणारा डबा, तडा नसलेला रबरी पाइप, घट्ट क्लिपा. फिल्टरनंतरच्या पाइपात आत बोट फिरवून पाहा. बोटाला बारीक धूळ लागली तर कुठूनतरी न गाळलेली हवा जाते आहे. ताफ्यात मागे चालणार असाल तर स्नॉर्कलच्या (हवा उंचावरून आत घेणाऱ्या पाइपच्या) डोक्यावर धूळ फिरवून फेकणारा प्री-क्लीनर लावा, फिल्टरचं आयुष्य खूप वाढतं. आणि स्नॉर्कल पाण्यासाठी घेत असाल तर सगळे सांधे हवाबंद केले आहेत याची परीक्षा घ्या: इंजिन सुरू ठेवून स्नॉर्कलचं तोंड तळव्यानं बंद करा, इंजिन घुसमटून बंद पडलं पाहिजे. पडलं नाही तर ते पाणीही आत घेईल.

दुसरा पैसा कूलिंगवर. रेडिएटर नवा घेण्याआधी जुना धुवा. चिखल जाळीत आतल्या बाजूनं बसतो, म्हणून पाण्याची हलकी धार इंजिनाकडून पुढे मारायची. पंख्याभोवतीचं आवरण तुटलेलं असेल तर आधी ते बसवा, त्याविना पंखा हवा जाळीतून न ओढता कडेनं फिरवत राहतो. पंखा इंजिनानं फिरणारा असेल तर त्याचा व्हिस्कस क्लच (तापमानानुसार पंखा जोडणारा-सोडणारा) तपासा. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मिळेल, ऐकू नका. इंजिन थंड राहिलं की ईसीयू जास्त पेट्रोल देतो, ते बोअरवरचं ऑईल धुतं, आणि झीज वाढते. कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी निम्मं-निम्मं ठेवा. असं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं आणि १५ पीएसआयच्या बंद टोपीखाली सुमारे १२९ ला. टोपीची स्प्रिंग सैल झाली की ही सगळी सूट जाते, म्हणून तापणाऱ्या गाडीत मी आधी टोपी बदलतो. इलेक्ट्रिक पंखा लावलात तर पाण्यात उतरण्याआधी तो बंद करायचा स्विच ठेवा. फिरत्या पात्यांना पाण्याचा रेटा बसला की ती पुढे वाकून रेडिएटरमध्ये घुसतात.

तिसरा, ऑईल. डॅशबोर्डवरचा दिवा दाब अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावर लागतो, म्हणजे तो इशारा नाही, घटनेची बातमी आहे. खरा दाब दाखवणारा गेज लावा. प्रत्येक १००० आरपीएममागे १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार, हा जुना ठोकताळा या प्रकारच्या इंजिनांना चालतो. तिरक्या चढावर काटा खाली लवला तर लगेच बंद करा, बेअरिंगला काही सेकंद पुरतात. सम्पमध्ये पिकअपभोवती ऑईल अडवणारे पडदे घालणं हे मोठं नसलेलं पण अमोल काम आहे. पातळी वरच्या खुणेवर ठेवा, वर नको. क्रँक ऑईलला लागला की फेस होतो आणि फेसाला दाब नसतो. ब्रीदरचा (इंजिनातली वाफ बाहेर नेणारा) पाइप उतारावर ऑईल इनटेकमध्ये ओढत असेल तर मध्ये ऑईल अडवणारा डबा बसवा. तुमच्या गाडीचा थोडा धूर यातूनही येत असू शकतो.

हेडर, कॅम, पोर्टिंग (हेडमधले हवेचे मार्ग मोठे करणं) हे सगळं यानंतर, आणि खरं तर नकोच. जास्त काळ उघडा राहणारा कॅम टॉर्क वरच्या आरपीएमला सरकवतो, तुम्हाला तो खाली हवा आहे. पातळ नळ्यांचे हेडर दगडावर आपटून तडकतात. डिझेलवाल्यांसाठी एवढंच: पंप किंवा ईसीयूमधून इंधन वाढवण्याआधी टर्बोच्या आधीच्या एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा गेज लावा आणि सलग भारात ७०० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. पिस्टनचा अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातू त्याहून बऱ्याच कमी तापमानाला वितळू लागतो, त्याला ऑईल आणि पाणी वाचवत असतं.

इंजिन बांधून झालं की पहिल्यांदा चालू करण्याआधी प्लग काढून, इंधन तोडून स्टार्टरनं फिरवा, गेजवर दाब दिसेपर्यंत. मग चालू केल्यावर तासभर आयडलिंगवर उभं ठेवू नका. रिंगा भाराखाली बसतात. पहिल्याच फेरीत मधल्या गिअरवर मध्यम रेस देऊन वेग वाढवायचा, मग गिअरवरच सोडायचा, असं वारंवार करा. एकाच वेगानं लांब जाऊ नका, लो रेंजमधला जड चढ पहिले काही शे किलोमीटर नको. ५०० किलोमीटरला ऑईल आणि फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून घड्या उघडून पाहा. बारीक राखाडी भुकटी अपेक्षित आहे; चमकणारे कण दिसले तर गाडी तिथेच थांबवा आणि बेअरिंगच्या टोप्या उघडा.